कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका : एक परीक्षण

तिवसा येथे राहणारे माझे मामा निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या मुलाने पुण्याहून कुरिअरने एक ‘वायरलेस’ सुरक्षा-कॅमेरा पाठवला. शेजारच्या गल्लीत चोरी झाली होती आणि घरात मामा-मामी दोघेच, म्हणून ही काळजी. भाच्याने दहा मिनिटांत कॅमेरा पडवीच्या खांबावर बसवला, फोनवर चित्र दिसू लागले आणि सगळ्यांचे समाधान झाले. समाधान झाले नाही ते मामांचे. दिवाळीत मी गेलो तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याच्या खोक्यातली छोटी पुस्तिका माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “चाळीस वर्षं मी पोरायले शिकवलं, पन या पुस्तकातून मले काहीच समजलं नाही. तू वाच अन् सांग, हा डोळा नेमकं पाह्यते काय, अन् कोनाले दाखवते?”

या दोन प्रश्नांची उत्तरे त्या पुस्तिकेत आहेत का, हे पाहण्यासाठी मी ती एखाद्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे वाचली. हा लेख म्हणजे त्या पुस्तिकेचे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. अशा चार-पाच पुस्तिका नंतर मिळवून पाहिल्या, त्यांत फरक फार थोडा होता.

कोणी विचारील, असल्या कागदाचे कसले परीक्षण? माझे उत्तर असे की अनेक घरांत दहावीनंतर विज्ञानाविषयी आलेला हा एकमेव छापील मजकूर असतो. रेडिओ-लहरी, प्रकाशशास्त्र, संगणकशास्त्र असे तीन विषय त्याला कवेत घ्यावे लागतात. तो चुकीचा किंवा अपुरा असेल तर त्याची किंमत घरातल्या माणसांना, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे शेजाऱ्यांनाही, मोजावी लागते.

चांगले काय आहे

आधी गुणांविषयी. पुस्तिकेतील जोडणीच्या आकृत्या स्वच्छ आहेत आणि कृतींचा क्रम बरोबर आहे. एक कृती तर सुंदर आहे, पण तिचे कारण मात्र दिलेले नाही. नव्या कॅमेऱ्याला घरातल्या राऊटरचे नाव आणि पासवर्ड ठाऊक नसतो. त्याला कळफलक नाही, पडदा नाही. मग पासवर्ड त्याच्या कानात सांगायचा कसा? फोनच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची एक आकृती उमटते, ती आपण कॅमेऱ्यासमोर धरतो. त्या चौकोनांत नाव आणि पासवर्ड लिहिलेले असतात. कॅमेरा आपल्या भिंगातून ते वाचतो आणि राऊटरशी स्वतःची ओळख करून घेतो. म्हणजे रेडिओचा रस्ता उघडण्यासाठी किल्ली प्रकाशाच्या रस्त्याने आत जाते. दोन ओळींत सांगता येणारी ही गोष्ट पुस्तिका ‘क्यूआर कोड दाखवा’ एवढ्यावर सोडून देते.

‘वायरलेस’ म्हणजे काय

मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत ‘वायरलेस’ असे आहे. मामांनी पहिली शंका येथेच काढली, कारण खांबावरून एक वायर खाली येतच होती. ती विजेची. बिनतारी आहे तो केवळ चित्राचा प्रवास. अशा कॅमेऱ्याला साधारण ५ वॉट वीज लागते. २४ तासांत ०.१२ युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ युनिट. खर्च किरकोळ आहे, पण अट मोठी आहे. वीज गेली की कॅमेरा आंधळा होतो, आणि कॅमेऱ्याला बॅटरी जोडली तरी राऊटर बंद पडल्यावर चित्र बाहेर जात नाही. ज्या भागात पहिल्या वळवाबरोबर वीज जाते, तेथे ‘२४ तास पहारा’ हे वाक्य छापताना इन्व्हर्टरचा उल्लेख करायला हवा होता.

आता लहरींविषयी. हे कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात. या लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा कमी. आपल्या देशात हा पट्टा २००५ साली परवान्यातून मोकळा झाला, म्हणूनच घरोघरी राऊटर लावण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता एक-चतुर्थांश होते, हा नियम नववी-दहावीचा विद्यार्थी प्रकाशाच्या संदर्भात समजू शकतो. पण घर म्हणजे मोकळी जागा नव्हे. टिनाचे पत्रे या लहरी जवळजवळ पूर्ण परतवतात. मातीची जाड भिंत त्यांतला बराच भाग शोषते, आणि पावसाळ्यात ती ओली झाली की आणखी शोषते. मामांचा राऊटर माजघरात, कॅमेरा पडवीत आणि मध्ये दोन फुटांची मातीची भिंत. चित्र अडखळत होते ते यामुळे. राऊटर खिडकीजवळ आणला आणि अडखळणे थांबले. पुस्तिकेत ‘सिग्नल कमी असल्यास सेवा-केंद्राशी संपर्क साधा’ असे आहे. सेवा-केंद्रापेक्षा येथे व्यस्त वर्गाचा नियम जवळचा होता.

‘फुल एचडी’ आणि चोराचा चेहरा

दुसरा दावा ‘फुल एचडी’चा. या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० चित्रबिंदू असतात, म्हणजे एकूण २० लाखांहून अधिक. आकडा खरा आहे. पण तो वाचून आपण जो निष्कर्ष काढतो तो खरा नाही.

गणित करून पाहू. कॅमेऱ्याचा दृष्टिकोन ९० अंश असेल तर १० मीटर अंतरावर तो २० मीटर रुंदीचा देखावा घेतो. १९२० चित्रबिंदू २० मीटरांवर पसरले की एका मीटरला ९६ आले. माणसाचा चेहरा सुमारे १५ सेंटिमीटर रुंद. त्याच्या वाट्याला चौदा चित्रबिंदू येतात. चौदा ठिपक्यांत ओळखीचा माणूस चालीवरून ओळखता येईल, अनोळखी माणसाचा चेहरा नाही. आंतरराष्ट्रीय मानकात अनोळखी व्यक्ती खात्रीने ओळखण्यासाठी मीटरला २५० चित्रबिंदू धरतात. आपल्या कॅमेऱ्यात ते सुमारे ३.८ मीटरांपर्यंतच मिळतात. थोडक्यात, फाटक दहा मीटरांवर असेल तर कॅमेरा ‘कोणीतरी आले’ एवढेच सांगेल. कोण आले हे कळायला हवे असेल तर कॅमेरा फाटकाजवळ, माणसाच्या डोक्यापेक्षा थोडा वर हवा. अंगणभर दिसावे म्हणून तो उंच खांबावर चढवला की चेहऱ्याऐवजी टोप्या दिसतात.

याच आकड्यांत दुसरी गंमत आहे. प्रत्येक चित्रबिंदूला २४ बिट आणि सेकंदाला १५ चित्रे धरली तर सेकंदाला सुमारे ७५ कोटी बिट पाठवावे लागतील. घरातल्या साध्या जोडणीला ते झेपणार नाही. प्रत्यक्षात जाते ते सेकंदाला दहा ते वीस लाख बिट. बाकीचे जाते कुठे? एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जे बदलले नाही ते पुन्हा पाठवायचेच नाही, आणि बारकावे थोडे पुसायचे, अशी ही काटकसर असते. सेकंदाला दहा लाख बिट धरले तरी दिवसाला १०.८ गिगाबाइट होतात. ६४ गिगाबाइटचे कार्ड सहा दिवसांत भरते आणि सातव्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो. लग्नाला आठ दिवस गावी जाऊन आलेल्या माणसाला हे माहीत असायला हवे. पुस्तिकेत ते नाही.

रात्र, उन्हाळा आणि कडुनिंब

‘३० मीटरपर्यंत रात्री दिसते’ असा तिसरा दावा. रात्री कॅमेरा स्वतःच्या अवरक्त दिव्यांनी समोरचा भाग उजळतो. हे किरण ८५० किंवा ९४० नॅनोमीटर लांबीचे असतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, सिलिकॉनच्या संवेदकाला दिसतात. दिवसा तेच किरण रंग बिघडवतात म्हणून एक गाळणी आड येते. संध्याकाळी ती बाजूला सरकताना ‘टक्’ असा आवाज होतो. मामींना तो पालीचा वाटला होता. पण ५ मीटरवर जेवढा उजेड पडतो त्याच्या छत्तिसाव्या भागाएवढाच ३० मीटरवर पडतो. तेवढ्यात माणसाची आकृती दिसेल, ओळख पटणार नाही. शिवाय कॅमेऱ्याच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणले किंवा जवळच पांढरी भिंत असली की परतलेल्या किरणांनी सगळे चित्र पांढरे होते.

चौथा दावा ‘हालचाल ओळखतो’ हा. मामांच्या फोनवर मी एका दिवसातल्या सूचना मोजल्या. एकूण ६३, त्यांत माणसे ९. बाकी कडुनिंबाची सावली, दोन मांजरे आणि वाळत घातलेले लुगडे. हा कॅमेरा दोन चित्रांतला फरक मोजतो. त्याला ‘चोर’ ही कल्पना नाही, ‘बदल’ ही आहे. रोज पन्नास खोट्या हाका मारणाऱ्याची एक्कावन्नावी खरी हाक कोणी ऐकत नाही. महिन्याभरात मामांनी फोनचा आवाजच बंद केला होता.

काही कॅमेऱ्यांत याऐवजी उष्णता टिपणारा संवेदक असतो. माणसाच्या शरीरातून सुमारे साडेनऊ मायक्रोमीटर लांबीचे उष्णताकिरण सर्वाधिक निघतात. शरीर आणि त्यामागची भिंत यांच्या तापमानातला फरक हा संवेदक पकडतो. थंड देशात ही युक्ती उत्तम चालते. पण मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४४-४५ अंशांवर जातो. दिवेलागणीला भिंती निवत निवत माणसाच्या त्वचेच्या तापमानाला येतात, आणि त्या वेळी संवेदकाच्या दृष्टीने माणूस भिंतीत विरघळून जातो. ज्याने हे यंत्र रचले त्याला हे माहीत आहे. पुस्तिकेने ते ग्राहकाला सांगितले नाही.

गाळलेले पान

आतापर्यंतचे दोष अतिशयोक्तीचे आहेत, जाहिरातीच्या धंद्यात ते चालतात असे कोणी म्हणेल. पुढचा दोष मात्र मला अक्षम्य वाटतो.

मामांचा दुसरा प्रश्न होता, हा डोळा कोणाला दाखवतो? कॅमेऱ्याचे चित्र माजघरातल्या राऊटरमधून बाहेर पडते, कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते आणि तेथून मुलाच्या फोनवर येते. म्हणजे पडवीतून पुण्याला जाणारे चित्र एका तिसऱ्याच घरातून जाते. त्या घराच्या कुलपाची किल्ली म्हणजे पासवर्ड. मी पाहिले तेव्हा मामांच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता आणि तो पुस्तिकेत छापलेला होता. म्हणजे त्या जातीच्या प्रत्येक कॅमेऱ्याचा तोच. ‘पासवर्ड बदला’ हे वाक्य पुस्तिकेत आहे, पण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत आणि ‘इच्छा असल्यास’ या शब्दांसह.

या ‘इच्छा असल्यास’चे परिणाम जगाने पाहिले आहेत. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका आज्ञावलीने कारखान्यातले साठ-एक पासवर्ड पाठ करून जगभरचे लाखो कॅमेरे आणि चित्रनोंदणी-यंत्रे ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने एका मोठ्या इंटरनेट-सेवेवर इतक्या विनंत्या लोटल्या की अमेरिकेत अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पडली. ज्यांच्या घरातले कॅमेरे यात सामील होते त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

हे दूरचे उदाहरण झाले. जवळचे अधिक लाजिरवाणे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील स्त्री-रुग्णांच्या तपासणीची कॅमेरा-दृश्ये इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघडकीस आले. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. सुरक्षेसाठी लावलेल्या डोळ्यातूनच त्या स्त्रियांची अब्रू बाहेर गेली.

पासवर्डचे गणित शाळेतले आहे. चार अंकांचे संयोग दहा हजार. संगणकाला ते काही क्षणांचे काम. इंग्रजीतील लहान लिपीची बारा अक्षरे घेतली तर संयोग सुमारे ९५ हजार लाख कोटी होतात. फरक आठ अक्षरांचा, पण त्यावर घराची लाज अवलंबून आहे. मात्र ही बारा अक्षरे मुलाचे नाव आणि जन्मसाल जोडून केलेली नसावीत, नाहीतर गणित फुकट जाते.

एप्रिल २०२५ पासून आपल्या देशात असे कॅमेरे विक्रीपूर्वी सुरक्षा-चाचणीतून जाणे केंद्र सरकारने बंधनकारक केले आहे. हे पाऊल योग्य आहे. पण भिंतींवर आधीच बसलेल्या कॅमेऱ्यांना ते लागू पडत नाही, आणि कुलूप कितीही चांगले केले तरी किल्ली दारालाच टांगून ठेवणाऱ्याचे रक्षण कोणताही नियम करू शकत नाही. म्हणून पासवर्डचे पान पुस्तिकेत पहिले हवे होते.

शेजारचे अंगण

तिवसातल्या मुक्कामात तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. बराच वेळ इकडचे-तिकडचे बोलल्या आणि उठता उठता म्हणाल्या, “भाऊजी, राग नका मानू. पन तुमचा तो डोळा आमच्या न्हाणीच्या दाराकडे पाह्यते. पोरी बाहेर निघाले लाजतात.” मामांचा चेहरा उतरला. तीस वर्षांचा शेजार. बारा महिन्यांत काकूंनी काही म्हटले नव्हते, फक्त कुंपणावर एक जुने लुगडे आडवे बांधले होते. मोजणीच्या दिवशी ज्या लुगड्याने सूचनांची संख्या वाढवली ते हेच.

ऑक्टोबर २०२१ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डच्या न्यायालयात शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याविरुद्ध असाच दावा एका स्त्रीने जिंकला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती-संरक्षण कायद्याने मात्र घरगुती उपयोगाला मोकळीक दिली आहे. स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पण काकूंच्या तक्रारीत तसा हेतू कोणाचाच नव्हता. भाच्याने केवळ जास्तीत जास्त जागा दिसेल असा कोन लावला होता, कारण पुस्तिकेतील चित्रात तसाच दाखवला आहे. त्या चित्रातल्या घराला शेजारच नाही.

या यंत्राचा इतिहास पाहिला तर हा विसर अधिकच खटकतो. घरासाठीच्या सुरक्षा-कॅमेऱ्याची पहिली रचना मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या न्यूयॉर्कच्या परिचारिकेने पतीच्या साहाय्याने केली. १९६६ साली अर्ज आणि डिसेंबर १९६९ मध्ये पेटंट. अवेळी घरी एकट्या असताना दार ठोठावणारा कोण हे दार न उघडता कळावे, एवढीच त्यांची गरज होती. त्यांचा कॅमेरा दाराच्या छिद्रांतून दारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाही, गल्लीकडे नव्हे. प्रश्न नेमका होता म्हणून उत्तरही नेमके निघाले.

आम्ही कॅमेरा खांबावरून काढून दाराच्या चौकटीजवळ लावला. आता न्हाणी दिसत नाही, कडुनिंब दिसत नाही आणि फाटकातून आलेला माणूस तीन मीटरवर स्पष्ट दिसतो. सूचना दिवसाला दहा-बारावर आल्या. म्हणजे शेजारधर्म आणि प्रकाशशास्त्र दोघांनीही एकच जागा सुचवली.

शाळांपुढचा प्रश्न

हे सारे शिक्षकांसाठी लिहिण्याचे कारण आहे. बदलापूरच्या संतापजनक घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने राज्यातील शाळांना कॅमेरे बसवण्याची सक्ती झाली आणि चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर आली. हेतूविषयी वाद नाही. पण सोळा कॅमेरे, रोज सहा तास आणि आठवड्याचे सहा दिवस मिळून ५७६ तासांचे चित्रण होते. ते कोण पाहणार?

कॅमेऱ्यांच्या परिणामांविषयी चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. सार्वजनिक जागी कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सुमारे १३ टक्क्यांनी घटलेले त्यात दिसले, आणि ही घट वाहनतळांवर सर्वाधिक होती. हिंसक गुन्ह्यांवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. म्हणजे कॅमेरा सायकली राखील. मुलांना राखायला मोठी माणसेच लागतात. ज्यांना मूल मनातले सांगू शकेल अशी माणसे. कॅमेरा त्यांचा मदतनीस आहे, बदली नाही.

तेव्हा शाळेत कॅमेरा बसण्यापूर्वी शिक्षकांनी पाच प्रश्न जरूर विचारावेत. चित्र कोठे साठवले जाते? पासवर्ड कोणाकडे आहे आणि तो बदलला आहे का? किती दिवसांनी चित्रण पुसले जाते? वीज गेल्यावर काय होते? स्वच्छतागृहाचे दार चित्रात येते का? विक्रेता उत्तरे देऊ शकत नसेल तर घाई करू नये.

वर्गात दोन प्रयोग सहज करता येतील. दूरचित्रवाणीचा रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबावी. डोळ्यांना न दिसणारा ठिणगीसारखा प्रकाश बहुतेक फोनच्या पडद्यावर दिसतो. दुसरा प्रयोग असा : एका विद्यार्थ्याचे दोन, चार, आठ आणि सोळा मीटरांवरून फोनने छायाचित्र घ्यावे, ते मोठे करून चेहरा किती चित्रबिंदूंचा उरतो हे मुलांना मोजायला लावावे आणि आलेख काढावा. जाहिरात वाचण्याची दृष्टी त्या आलेखातून येईल.

राहिले मामा. मी निघालो त्या दिवशी त्यांनी वहीच्या एका पानावर मराठीत स्वतःची पुस्तिका लिहून घेतली होती. पहिली ओळ : ‘आधी पासवर्ड बदला.’ दुसरी : ‘शेजाऱ्याला विचारून कोन लावा.’ तिसरी : ‘सहा दिवसांपूर्वीचे दिसणार नाही.’ ते पान त्यांनी काकूंकडेही पाठवले, कारण काकूंच्या मुलानेही नाशिकहून कॅमेरा पाठवला आहे. कंपनीच्या गुळगुळीत कागदापेक्षा मला ते पान अधिक शास्त्रीय वाटले.